मेलेल्या लांडग्याचे पैसे, वाचलेल्या मेंढीचे का नाहीत?

अमेरिकेच्या वायव्येकडील आयडाहो राज्यात लांडगा मारला की पैसे मिळतात. शिकारी किंवा सापळे लावणारा माणूस लांडग्याचे कातडे आणि कवटी राज्याच्या वन्यजीव खात्याच्या कार्यालयात नेऊन दाखवतो. तिथे नोंद होते, आणि ती नोंद जोडून तो ‘फाउंडेशन फॉर वाइल्डलाइफ मॅनेजमेंट’ या शिकाऱ्यांच्या संस्थेकडे आपल्या खर्चाचा दावा लावतो. ही संस्था २०११ साली निघाली. आधी सभासदांच्या वर्गणीवर आणि देणग्यांवर चालायची. पुढे राज्याच्या खात्यानेही तिला पैसा द्यायला सुरुवात केली. एका लांडग्यामागे पाचशे डॉलरपासून दोन हजार डॉलरपर्यंत, काही भागांत त्याहूनही जास्त रक्कम मिळत आली आहे. शेजारच्या मोंटानाने २०२१ मध्ये कायदा करून अशाच भरपाईला मुभा दिली.

त्याच वर्षी मे महिन्यात आयडाहोचे गव्हर्नर ब्रॅड लिटल यांनी आणखी एका कायद्यावर सही केली. एका माणसाने किती लांडगे मारावेत यावरची मर्यादा उठली. खासगी जमिनीवर बारा महिने सापळे लावायची परवानगी मिळाली. रात्री दुर्बिणी लावून किंवा गाडीवरून पाठलाग करून मारण्याच्या रीतींनाही वाट मोकळी झाली. लांडगा नियंत्रणासाठी राज्याने २०१४ मध्येच एक मंडळ नेमले होते. त्याला आता खासगी कंत्राटदार नेमण्याचा अधिकार मिळाला, आणि शिकार-परवान्यांच्या पैशातून त्याला जाणारी रक्कम वर्षाला एक लाख दहा हजार डॉलरवरून तीन लाखांवर गेली.

पैसे देण्याची ही रीत चुकीची आहे असे माझे ठाम मत आहे. लांडगा कधीच मारू नये, असे मात्र मी म्हणत नाही. एखादी टोळी गुरांना चटावली, राखण करूनही तिचे हल्ले थांबेनात, तर ती टोळी हटवावी लागते. ते काम सरकारने आपल्या प्रशिक्षित माणसांकडून, नेमके त्या ठिकाणी, जबाबदारी घेऊन करावे. माझा विरोध आहे तो राज्यभर कुठल्याही लांडग्याच्या कातड्यावर दर लावण्याला. तो दर ज्याच्या नावाने लावला जातो त्या पशुपालकाच्या पदरात त्यातून फारसे काही पडत नाही.

आधी त्या पशुपालकाचे दुखणे नीट समजून घेतले पाहिजे, कारण लांडग्याच्या बाजूने बोलणारे अनेक शहरी लोक ते उडवून लावतात. राज्यात गुरे सुमारे पंचवीस लाख. लांडग्याने मारल्याची खात्री झालेली गुरे वर्षाला शेकड्याच्या घरात. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या २०१५ सालच्या पाहणीनुसार देशभरात मरणाऱ्या प्रौढ गुरांपैकी सुमारे ९८ टक्के रोगराई, हवामान, बाळंतपणातल्या अडचणी अशा कारणांनी मरतात. शिकारी प्राण्यांचा वाटा उरलेल्या दोन-अडीच टक्क्यांत, आणि त्यात कुत्रे-कोल्हेही आले. हे आकडे खरे आहेत. पण सरासरी हा आकडा फसवा असतो. नुकसान पंचवीस लाख गुरांवर सारखे वाटले जात नाही. ते एका खोऱ्यातल्या एका कुटुंबावर येऊन आदळते, आणि शेजारच्या खोऱ्याला त्याची झळही लागत नाही.

शिवाय जेवढे सापडते तेवढेच मोजले जाते. आयडाहोतल्या सॅमन गावाजवळच्या डोंगराळ कुरणांत झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की मालकाला लांडग्याने मारलेले एक वासरू सापडते तेव्हा प्रत्यक्षात आठपर्यंत गेलेली असू शकतात. दाट झाडी, उतार, अस्वले आणि गिधाडे; चार दिवसांनी तिथे पोचलेल्या माणसाला हाडे आणि कातड्याचे तुकडे मिळतात, आणि त्यावरून मारेकरी कोण हे सांगता येत नाही. पुरावा नाही तर भरपाई नाही. मोंटानातल्या दुसऱ्या एका अभ्यासात, जिथे लांडग्यांनी गुरे मारली होती त्या गोठ्यांतली उरलेली वासरेही विक्रीच्या वेळी सरासरी २२ पौंडांनी, म्हणजे दहा किलोंनी, हलकी भरली. घाबरलेले जनावर चरत नाही. हा तोटा कुठल्याच पंचनाम्यात येत नाही.

तेव्हा पशुपालकाची तक्रार खरी आहे. प्रश्न असा, की त्या तक्रारीवर हे बक्षीस लागू पडते का?

सापळ्याचे काम कसे चालते ते पाहा. लांडग्याचे कातडे थंडीत भरदार होते आणि बर्फात माग सोपा दिसतो, म्हणून सापळे लावणाऱ्याचा खरा हंगाम हिवाळा. सापळे आधी उकळून घेतात, त्यांवर मेण चढवतात, हातमोज्यांशिवाय हात लावत नाहीत. माणसाचा वास राहिला तर लांडगा त्या वाटेला फिरकत नाही. वाटेवरच्या ज्या झुडपाशी टोळी मुतून खूण करते तिथे लांडग्याचेच मूत शिंपडून, माती चाळून, सापळ्याचा जबडा जमिनीखाली लपवतात. मग दर ७२ तासांनी एकदा जाऊन बघायचे, हा आयडाहोचा नियम. म्हणजे पाय अडकलेले जनावर तीन दिवस, उणे तापमानात, त्या जबड्याशी झगडत राहू शकते. त्यात लांडगाच येईल याचीही खात्री नाही. पुमा येतो, पाळीव कुत्राही येतो.

हे काम अवघड आहे, कष्टाचे आहे, आणि ते करणारी माणसे जंगल जाणतात. त्यांच्या कसबाबद्दल मला शंका नाही. पण डिसेंबर-जानेवारीत सापळा लागतो तेव्हा डोंगरातल्या सरकारी कुरणांवर गुरे नसतात. ती तिथे उन्हाळ्यात चढतात आणि थंडीआधी खाली येतात. सापळे लावणारा जातो तो बर्फावरच्या गाडीने पोचता येईल अशा रस्त्यांच्या आजूबाजूला. हल्ले होतात ते बहुधा जिथे रस्ताच नाही अशा वरच्या उतारांवर. जुलैत वासरू मारणारा लांडगा आणि जानेवारीत सापडणारा लांडगा एकच असेल, हा निव्वळ योगायोग. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा कारभार.

आणखी एक गोष्ट मला खटकते. या रकमेला खर्चाची भरपाई म्हणतात. पण डिझेल, सापळे आणि दिवस तर ज्याच्या हाती काहीच लागले नाही त्याचेही खर्च होतात. त्याला एक डॉलर मिळत नाही. पैसे मिळतात ते कातडे दाखवल्यावर. म्हणजे सरकार नेमके कशाची किंमत मोजते आहे याबद्दल संशय राहत नाही.

लांडगे कमी झाले की हल्ले आपोआप कमी होतील, असा यामागचा सरळ हिशेब आहे. तो इतका सरळ नाही. २०१४ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या दोन संशोधकांनी आयडाहो, मोंटाना आणि वायोमिंग या तीन राज्यांतली पंचवीस वर्षांची माहिती तपासून असा निष्कर्ष काढला, की लांडगे मारल्यावर पुढच्या वर्षी गुरांवरचे हल्ले घटण्याऐवजी काहीसे वाढतात. हा निष्कर्ष प्राणिप्रेमी मंडळी अजूनही जिथे तिथे फेकतात. तसे करू नये. त्याच आकड्यांची दुसऱ्या संशोधकांनी फेरतपासणी केली आणि त्यांना उलटे उत्तर मिळाले. वाद मिटलेला नाही. पण ज्या उपायावर लाखो डॉलर खर्च होतात, त्याचा गुणही इतका पुसट असावा की तज्ज्ञांना तो आहे की नाही यावर भांडावे लागते, हीच गोष्ट मला पुरेशी वाटते.

लांडगा एकटा नसतो. टोळी म्हणजे एक जोडपे आणि त्यांना गेल्या दोन-तीन वर्षांत झालेली पिल्ले. कुठे शिकार करायची, कुठल्या रस्त्यापासून लांब राहायचे, हे जुनी जनावरे जाणतात. पुढारी नर किंवा मादी गेली की टोळी फुटण्याची शक्यता वाढते, आणि मग अर्धवट शिकलेली तरुण जनावरे सोपी शिकार शोधतात. सापळ्याला कोण पुढारी आणि कोण पोर हे कळत नाही.

महाराष्ट्राने याच्याशी मिळताजुळता धडा फार महाग दर देऊन घेतलेला आहे, बिबट्याच्या बाबतीत. २००१ ते २००३ या काळात जुन्नर भागात उसातले बिबटे मोठ्या संख्येने पकडून दुसरीकडे सोडण्यात आले. कुठला बिबट्या माणसावर आला होता आणि कुठला मुकाट्याने कुत्री-डुकरे खाऊन राहत होता, हे कोणी पाहिले नाही. पिंजऱ्यात आला तो नेला. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर हिशेब मांडला तेव्हा दिसले, की माणसांवरचे हल्ले आधी वर्षाला सरासरी चार होते, ते या काळात सतराच्या आसपास गेले. बिबट्या आणि लांडगा यांच्या रीती वेगळ्या आहेत, शिवाय इथे मारले नव्हते, हलवले होते. तेव्हा एकाचा आकडा दुसऱ्याला लावता येणार नाही. पण सरसकट हटवल्याने धोका सरसकट घटत नाही, हे जुन्नरच्या माणसांनी आपल्या अंगावर झेलून पाहिले आहे.

आता शिकाऱ्यांच्या बाजूचे खरे कारण पाहू, कारण गुरे हे अर्धेच कारण आहे. आयडाहोतल्या सामान्य माणसाला हिवाळ्याआधी एक एल्क हरीण मारून फ्रीजर भरायचा असतो. कित्येक घरांत वर्षाचे मांस तेच. लांडगा एल्क खातो. उत्तर-मध्य आयडाहोतल्या लोलो भागात १९८९ साली सोळा हजारांच्या आसपास एल्क होते, ते २०१० पर्यंत दोन हजारांच्या आसपास उरले. या आकड्यांनी तिथल्या लोकांच्या मनात लांडग्याविषयी जो राग बसला तो समजण्यासारखा आहे. मात्र लोलोतली घसरण लांडगे तिथे परत येण्याआधीच सुरू झाली होती. १९१० च्या प्रचंड वणव्यांनंतर उगवलेल्या मोकळ्या गवताळ-झुडपी रानावर तिथले एल्क पोसले होते. पुढे ते रान पुन्हा दाट जंगल झाले, चारा घटला, आणि १९९६-९७ च्या कडाक्याच्या हिवाळ्याने उरलेल्यांना तडाखा दिला. त्यानंतर लांडग्यांनी आणि अस्वलांनी आकडा वर येऊ दिला नाही, हेही खरे. पण संपूर्ण राज्यात एल्कची संख्या सव्वा लाखाच्या घरात आहे आणि वर्षाला वीस हजारांहून अधिक एल्क शिकारी मारून नेतात. एका भागाचे दुखणे सबंध राज्याच्या धोरणाचा पाया झाले आहे.

इतिहासाकडे पाहिले तर हा प्रयोग नवा नाही. मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीने १६३० साली लांडग्यावर बक्षीस लावले. मोंटानात १८८३ ते १९१८ या काळात ऐंशी हजारांहून अधिक लांडग्यांचे पैसे चुकते झाले. तिजोरी इतकी खाली होऊ लागली की मध्येच, १८८७ मध्ये, कायदा रद्द करावा लागला; मग पशुपालकांच्या दबावाखाली तो पुन्हा आणला. लोकांनी वाटा शोधल्या. लांडग्याच्या नावावर कोल्ह्याची पिल्ले आणून पैसे घेतले. गुहेतली पिल्ले उचलायची आणि मादीला मुद्दाम जिवंत सोडायचे, म्हणजे पुढच्या वसंतात पुन्हा पिल्ले मिळतील, असाही धंदा चालला. १९०५ साली तर मोंटानाच्या विधिमंडळाने कायदा करून लांडगे पकडायचे, त्यांना खरजेची लागण करायची आणि रोग पसरावा म्हणून परत सोडायचे, असे ठरवले. शेवटी १९१५ पासून केंद्र सरकारने पगारी शिकारी नेमले, आणि बंदुका, सापळे व विष यांनी पश्चिमेतला लांडगा संपवला. यलोस्टोन उद्यानातले शेवटचे लांडगे १९२६ मध्ये मारले गेले.

आपल्याकडेही हेच झाले. ब्रिटिश राजवटीत वाघ, बिबट्या, लांडगा यांच्या मुंडक्यांवर आणि कातड्यांवर जिल्ह्याच्या कचेरीत रोख पैसे मिळायचे. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या अंदाजाप्रमाणे १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत हिंदुस्थानात ऐंशी हजारांहून अधिक वाघ, दीड लाखाहून अधिक बिबटे आणि दोन लाख लांडगे मारले गेले. यातले सगळेच काही वाईट हेतूने झाले असे नाही. उत्तरेत लांडगे लहान मुले उचलत होते. त्या आयांचा आक्रोश खरा होता. पण बक्षीस त्या गावातल्या त्या लांडग्यापुरते कधीच राहिले नाही. ते माळावरच्या प्रत्येक लांडग्यावर लागले, कारण कचेरीत कातडे ठेवले की कारकून पैसे मोजायचा, हा कुठला म्हणून विचारायचा नाही. आज भारतीय वन्यजीव संस्थेच्या अंदाजाप्रमाणे देशभरात मिळून सुमारे ३,१०० लांडगे उरले आहेत. वाघांपेक्षा कमी.

बक्षिसाचा हाच दोष मला सगळ्यात मोठा वाटतो. पगारी कर्मचारी हल्ला झालेल्या जागी जातो, काम संपले की परत येतो. बक्षीस मात्र लांडग्यावर जगणारा एक वर्ग तयार करते. त्याचे हित प्रश्न सुटण्यात नसते. दर टिकण्यात, हंगाम वाढण्यात आणि जिथे लांडगा सहज सापडेल तिथे जाण्यात असते. २०२१-२२ च्या हिवाळ्यात यलोस्टोनच्या कुंपण नसलेल्या हद्दीबाहेर पाऊल टाकलेले सुमारे २५ लांडगे मारले गेले. उद्यानातले हे लांडगे माणसांना सरावलेले, त्यांना पाहायला जगभरातून लोक येतात, आणि त्यांच्या भरवशावर सीमेवरच्या गावांतली हॉटेले व वाटाडे पोट भरतात. गुरे मारल्याचा ठपका त्यांच्यावर नव्हता. ते सोपे होते, म्हणून मेले. मोंटानाला त्या भागातला हंगाम मध्येच बंद करावा लागला.

स्वस्तात काम होते, असा एक मुद्दा बक्षिसाच्या बाजूचे लोक मांडतात, आणि तो त्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा आहे. सरकारी हेलिकॉप्टरने एक लांडगा टिपायला लागणाऱ्या पैशात सापळेवाले कितीतरी लांडगे आणून देतील. खरे आहे. पण स्वस्त कशाच्या मानाने? आयडाहोत २०१९ ते २०२१ दरवर्षी पाचशेच्या आसपास लांडगे मारले गेले तरी संख्येचा अंदाज दीड हजाराच्या आसपासच राहिला, कारण मादी एका वेताला चार-सहा पिल्ले देते. त्यानंतर आकडा उतरायला लागला, हे मान्य. २०२३ च्या आराखड्यात राज्याने पाचशेचे लक्ष्य ठेवले आहे. समजा ते गाठले. तिथे ठेवायचे तर जेवढी पिल्ले जगतील जवळपास तेवढे लांडगे दरवर्षी मारावे लागतील, आणि त्याचे पैसे दरवर्षी मोजावे लागतील. इतके करून जुलैत वरच्या कुरणावर गेलेले वासरू सुरक्षित झालेले नसेल, कारण पाचशे लांडगेही वासरे मारू शकतात.

त्याच राज्यात, ब्लेन परगण्यात, २००८ पासून दुसरी वाट चालू आहे. उन्हाळ्यात सॉटूथच्या डोंगरांत हजारो मेंढ्या चढतात. त्यांच्यामागे असतात पेरूहून आलेले मेंढपाळ, जे महिनोन्‌महिने डोंगरातल्या छोट्या घोडागाडीवजा घरात राहतात. ‘वुड रिव्हर वुल्फ प्रोजेक्ट’ने त्यांच्या हातात काय दिले? पांढरी केसाळ राखणीची कुत्री, जास्त संख्येने. संध्याकाळी मेंढ्या एकत्र करून भोवती लावायची एक दोरी, जिच्यावर हात-दीड हाताच्या अंतराने लाल कापडाच्या पट्ट्या शिवलेल्या असतात. वाऱ्याने त्या फडफडतात आणि लांडगा त्या रेषेपाशी थबकतो. पूर्व युरोपातले शिकारी शेकडो वर्षांपासून लांडग्याला घेरायला हीच दोरी वापरत आले. इथे ती उलट बाजूने लावली. जोरदार विजेऱ्या, आवाजाची पिस्तुले, आणि टोळी कुठे आहे याची रोजची खबर, म्हणजे गुहेच्या अंगाने कळप न्यायचाच नाही.

सात वर्षांच्या हिशेबाचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. लगतच्या ज्या भागात ही राखण नव्हती तिथे लांडग्यांनी मारलेल्या मेंढ्यांचे प्रमाण साडेतीन पटींनी जास्त होते. राखणीच्या भागातले नुकसान एकूण मेंढ्यांच्या ०.०२ टक्क्यांच्या आसपास राहिले. त्या सात वर्षांत त्या भागात लांडगे होतेच.

याला मर्यादा आहेत. लाल पट्ट्यांना लांडगा दोनेक महिन्यांत सरावतो, म्हणून त्या योग्य वेळीच लावाव्या लागतात. मेंढ्या एका जागी बसतात, गायी डोंगरभर पसरतात. गायींना हा उपाय जसाच्या तसा लागू पडत नाही. तिथे घोड्यावरून कुरणात रोज फेरी मारणारा माणूस लागतो, जो कळप एकत्र ठेवतो, आजारी जनावर वेळीच हेरतो आणि मेलेले लगेच उचलतो. मोंटानाच्या ब्लॅकफूट खोऱ्यात पशुपालकांनी स्वतः एकत्र येऊन हे केले. पूर्वी प्रत्येक गोठ्यामागे मेलेली वासरे टाकायचा एक खड्डा असायचा. वसंतात अस्वले आणि लांडगे त्याच वासावर थेट गोठ्यापर्यंत यायचे. २००३ पासून तिथे एक ट्रक दारोदार फिरून मेलेली जनावरे उचलतो आणि त्यांचे खत करतो. यात शौर्य नाही, म्हणून त्याची बातमी होत नाही. पण शिकारी प्राण्याला गोठ्याची वाट दाखवणारी गोष्टच त्यांनी काढून टाकली.

हे सगळे करायला माणूस लागतो आणि माणसाला पगार लागतो. माझे म्हणणे नेमके इथे आहे. सापळेवाल्याला द्यायचा पैसा या माणसाला द्या. कित्येक सापळेवाले या कामासाठी उत्तम ठरतील; त्यांच्याइतकी माग काढायची नजर दुसऱ्या कोणाकडे नाही. कोलोरॅडोने २०२३ च्या डिसेंबरात लांडगे परत आणले तेव्हा एका जनावरामागे पंधरा हजार डॉलरपर्यंत भरपाई ठरवली, आणि हौशी लोकांसाठी गाड्यांच्या खास नंबरप्लेट काढून त्यांचा पैसा राखणीच्या उपायांकडे वळवला. तिथेही पशुपालक खूश नाहीत, भांडणे चालू आहेत. पण पैसा निदान ज्याचे नुकसान होते त्याच्या दिशेने जातो.

स्वीडनने तर याहून धाडसी गोष्ट केली. उत्तरेतले सामी लोक रेनडिअर पाळतात. वॉल्व्हरीन (लहान अस्वलासारखा दिसणारा प्राणी) आणि लिंक्स (एक मोठे रानमांजर) हे शिकारी प्राणी त्या रेनडिअरांना मारतात. मेलेल्या रेनडिअरांचा पुरावा बर्फात गोळा करणे अशक्य, आणि त्यावरून सतत तंटे. १९९६ पासून स्वीडनने मेलेले मोजणे सोडले. सामी गावाच्या हद्दीत वॉल्व्हरीनची किंवा लिंक्सची मादी व्याली, की गावाला दोन लाख क्रोनरपर्यंत रक्कम मिळते, रेनडिअर किती गेले ते न विचारता. गावाने राखण वाढवून रेनडिअर वाचवले तरी पैसे कापले जात नाहीत. म्हणजे राखण करणाऱ्याचा फायदा, आणि पिल्ले मारून टाकणाऱ्याचा तोटा. वॉल्व्हरीनची संख्या त्यानंतर सावरली. रक्कम पुरत नाही अशी सामींची तक्रार आहे, आणि ती ऐकलीच पाहिजे.

आपल्या माळावरचा धनगर यापैकी बरेच काही कोणी न शिकवता करतो. सोलापूर, सातारा, पुणे जिल्ह्यांतल्या गवताळ माळांवर रात्री मेंढ्या शेतात बसवल्या, की भोवती जाळी लागते, कुत्री सुटतात आणि घरातला एक माणूस जागा राहतो. तरीही मेंढी जाते. कायद्याने लांडगा पहिल्या परिशिष्टात, म्हणजे वाघाच्या बरोबरीने संरक्षित आहे. त्या संरक्षणाचे मोल मात्र भरतो तो धनगर. मेंढरू गेले की वेळेत वनखात्याला खबर द्या, पंचनामा होईपर्यंत थांबा, बँकेचे पासबुक आणा. ज्याचा वाडा दोन दिवसांनी पुढच्या गावाला जाणार, त्याने कुठे थांबायचे? भरपाई कागदावर असते आणि तो पुढे निघून जातो. लांडग्याच्या मुंडक्यावर बक्षीस आपण बंद केले ते योग्यच केले. पण त्याच्या जागी राखणीचा मोबदला उभा केला नाही, हा आपला दोष आहे. मोबाइलवर काढलेला फोटो आणि जागा पुरावा म्हणून धरून आठवड्यात खात्यात पैसे, कुत्र्यांना फुकट लसी, गवताळ माळ ‘पडीक’ म्हणून कारखान्यांना न देणे, आणि गावाबाहेर फेकल्या जाणाऱ्या मेलेल्या कोंबड्या-जनावरांची विल्हेवाट, एवढे तरी करता येण्यासारखे आहे.

बहराइचसारखी वेळ येते तेव्हा काय, असे कोणी विचारेल. २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातल्या त्या जिल्ह्यात लांडग्यांनी लहान मुले नेली. तिथे कसलाही संकोच न करता ती जनावरे हटवायलाच हवी होती. आपल्या कायद्यात मुख्य वन्यजीव रक्षकाला तसा लेखी आदेश देण्याचा अधिकार आहे, आणि त्या आदेशात कुठला प्राणी आणि कशासाठी हे असावे लागते. ही अट मला मोलाची वाटते. तिच्यामुळे मारण्याचा निर्णय एका माणसाच्या सहीला बांधला जातो आणि चुकला तर त्याला जाब विचारता येतो. मुंडक्यावर दर लावला की निर्णय कोणाचाच नसतो.

आयडाहोच्या विधिमंडळासमोर लांडगा मंडळाचा निधी दरवर्षी येतो. माझ्या हातात असते तर मी पहिल्याच वर्षी शिकार-परवान्यांतून जाणारे तीन लाख डॉलर सॅमन आणि लोलोच्या खोऱ्यांत घोड्यावरचे राखणदार नेमायला लावले असते, हल्ले मोजण्याचे काम पशुपालक आणि विद्यापीठ यांना मिळून दिले असते, आणि राखण असूनही जी टोळी तीनदा परत येते तिच्यापुरती बंदूक खात्याच्या माणसाच्या हाती ठेवली असती. पाच उन्हाळ्यांनी दोन्ही हिशेब शेजारी शेजारी मांडता आले असते: एका डॉलरमागे किती लांडगे मेले, आणि एका डॉलरमागे किती वासरे डोंगरावरून परत खाली आली.